आक्काला खुर्ची मिळाली

आमच्या दुकानाच्या खालच्या मजल्यावर बसून काम करणारी माणसं दोनच. एक गल्ल्यावरचा कॅशियर आणि दुसरा मी. कॅशियर बसतो, कारण तो थोरल्या मालकांचा मेहुणा आहे. मी बसतो, कारण पायाचं शिलाई मशीन उभ्याने चालत नाही. जिन्याखाली माझं मशीन आहे. गिऱ्हाइकाने घेतलेल्या पडद्यांना वरची पट्टी मारायची, अभ्रे लहानमोठे करायचे, पँटची उंची कमी करायची, ही माझी कामं. सगळे मला मास्तर म्हणतात. वरच्या मजल्यावर शर्टपँटचं कापड विकणारे पुरुष आहेत. त्यांच्याकडे दोन स्टुलं आहेत, पण ती म्हणे उंचावरचे तागे काढायला चढण्यासाठी आहेत. चढलेला कधी कुणी मला दिसला नाही.

खाली बाकी सगळ्या बायका. खालच्या मजल्याला रस्त्याच्या बाजूने काच आहे, आणि काचेतून बसलेली बाई दिसली की दुकान आळशी वाटतं, असं मालकांचं म्हणणं. बसलेला पुरुष कसा वाटतो, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पडद्यांच्या काउंटरवर आक्का असायची. आक्का गोड बाई होती असं कुणी म्हणालं, तर त्याने स्वतः गिऱ्हाईक होऊनच तिला पाहिलंय एवढंच समजावं. गिऱ्हाइकाशी तिची जीभ लोण्यात बुडवलेली. एका खिडकीचा पडदा घ्यायला आलेली बाई चार खिडक्यांचे घेऊन जायची आणि वर आक्काचे आभार मानायची. ऊन कुठून येतं, कोण कुठल्या खोलीत झोपतं, शेजारचं घर किती जवळ आहे, असं विचारत विचारत ती माणसाच्या घरात शिरायची. थोड्या वेळात समोरची बाई सासूचा खोकला आणि नवऱ्याचं घोरणं सांगत असायची. मग आक्का एक तागा काढायची, हाताने कुरवाळायची आणि म्हणायची, "हा शेवटचा. तुमच्यासाठीच राहिला बघा." आत गोडाऊनमध्ये त्याच रंगाचे तागे छताला टेकलेले असायचे.

हाताखालच्या मुलींना मात्र तिने कधी मोकळा श्वास घेऊ दिला नाही. कुणी काउंटरला कंबर लावली की आक्काची मोजायची पट्टी फाडकन लाकडावर बसायची. "टेकू नकोस! काउंटर टेकायला नाही, विकायला आहे." टॉवेल आणि चादरी विकणारी एक मुलगी आहे, सगळे तिला टॉवेलवालीच म्हणतात. एकदा तिच्या पोटात कळा येत होत्या, चेहरा पांढराफटक पडला होता. तिने विचारलं, थोडा वेळ चादरींच्या गठ्ठ्यावर बसू का? आक्का म्हणाली, "पोरीच्या वेळी मी शेवटच्या आठवड्यापर्यंत इथे उभी होते. तुला काय धाड भरलीय?" टॉवेलवाली उभी राहिली. तिने ते मनात ठेवलं, आणि का ठेवू नये?

आक्काचा जीव त्या काउंटरमध्ये का अडकला होता, ते मला ठाऊक आहे. घरी तिचं मत कुणी विचारत नव्हतं. नवरा निवृत्त वॉचमन. दिवसभर टीव्हीसमोर, आणि तिने तोंड उघडलं की "तुला काय कळतं?" एवढंच त्याचं उत्तर. शहरातल्या अर्ध्या घरांचे पडदे निवडणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरात जे चॉकलेटी पडदे होते, ते त्या नवऱ्याने सेलमधून तिला न विचारता आणलेले. मुलगी कॉल सेंटरमध्ये कामाला. मुलगी मायाळू, पण घरी आली की तिला कुणाचा आवाज नको असायचा. म्हणजे दुनियेत एवढीच एक जागा होती, जिथे लोक आक्कासमोर उभे राहून विचारायचे, "आक्का, तुम्हीच सांगा, कुठला घेऊ?" ही जागा गेली असती तर आक्काकडे काय उरलं असतं, सांगा.

आणि नेमक्या त्याच जागेने तिचे पाय खाल्ले. आधी पोटऱ्यांवर शिरा फुगल्या, निळ्या, दोरीच्या गाठींसारख्या. मग डाव्या घोट्याच्या आत कातडी काळी पडली, आणि एके दिवशी तिथे जखम झाली. ती जखम भरेना. दुपारपर्यंत मोजा ओला व्हायचा. डॉक्टर म्हणाला, "उभं राहणं कमी करा, नाहीतर ही भरायची नाही. अधूनमधून बसायला मिळालं तरी पुष्कळ आहे."

तेव्हाच तो नवा कायदा आला होता. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला बसायची सोय द्यायची, आणि बाई आहे, वय झालंय, आजारी आहे म्हणून कुणाला कमी वागणूक द्यायची नाही. लेकीने फोनवर वाचून दाखवलं. आक्काला आधी विश्वासच बसेना. मग दुसऱ्या दिवशी ती धाकट्या मालकांकडे गेली.

धाकटे मालक म्हणजे थोरल्यांचा मुलगा. थोरले आता घरीच असतात, दुकान हाच बघतो. हा कधी आवाज चढवत नाही. सगळ्यांशी हसून बोलतो आणि हसत हसतच माणसाला वाटेला लावतो. आक्का म्हणाली, "एक स्टूल द्या मला काउंटरमागे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा टेकेन. गिऱ्हाईक आलं की उभी."

"आक्का," तो म्हणाला, "तुम्ही म्हणजे दुकानाचा चेहरा. चेहरा कुणी खाली ठेवतं का?"

"कायदा आलाय म्हणे."

"कायदे येतात हो. तुम्ही काळजी घ्या पायाची." आणि तो फोनकडे वळला.

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टूल नाही म्हणाला असता तर ती गिळून बसली असती. हा तर खुशाल हसला. तिने मुलीकडून अर्ज लिहून घेतला आणि कामगार खात्याच्या कचेरीत देऊन आली. तिला हवं होतं ते एवढंच: काउंटर तोच, आणि त्याच्यामागे एक स्टूल. इतकं साधं मागणं ऐकून कुणाच्याही पोटात दुखू नये.

सुनावणीला साक्षीदार म्हणून मला नेलं. खोली लहान, टेबलामागे अधिकारी बाई, वयाने आक्काच्या मुलीएवढी. चेहऱ्यावरून कनवाळू वाटली, आणि होतीही. पुढचं सगळं तिच्या कनवाळूपणामुळेच झालं. टेबलासमोर खुर्च्या मांडलेल्या. धाकटे मालक आणि त्यांचा वकील आधीच ऐसपैस बसले होते.

"या मावशी, बसा," अधिकारी बाई म्हणाली.

"नको नको, मी बरी आहे," आक्का म्हणाली.

"अहो, बसा ना."

"तुम्ही बोला हो, मी ऐकते."

आणि ती उभी राहिली. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून, किंचित पुढे वाकून, चेहऱ्यावर ते गिऱ्हाइकाचं हसू घेऊन. इतकी वर्षं अंगात मुरलेलं होतं ते. समोर माणूस आहे तोवर आपण बसायचं नाही. मी मागून म्हणालो, "आक्का, बसा हो!" तिने डोळे वटारून मलाच गप्प केलं. लोकांसमोर मध्ये बोललेलं तिला चालत नसे.

वकिलाने घाई केली नाही. तिला तिचं सगळं गाऱ्हाणं उभ्यानेच सांगू दिलं. पाय, जखम, डॉक्टर, स्टूल. मग तो म्हणाला, "मॅडम, एवढीच नोंद घ्यावी की अर्जदार बाईंना दोनदा खुर्ची देऊनही त्या बसल्या नाहीत. आमच्या दुकानातही हेच होतं. आम्ही करायचं काय?"

तेव्हा कुठे आक्काच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती धपकन बसली. वकील हसला. धाकटे मालक हसले नाहीत, त्यांनी चेहरा काळजीचा केला. ते जास्त वाईट होतं.

मग टॉवेलवालीला बोलावलं. तिला मालकांनी आणलं होतं, पण पढवलं नव्हतं. पढवायची गरजच नव्हती.

"तुम्हाला बसायला मालकांनी कधी मनाई केली?"

"नाही."

"मग तुम्ही बसत का नाही?"

"आक्का बसू देत नाहीत. पट्टी आपटतात."

खोटं कुठे होतं त्यात? मालकांना मनाई करायची वेळच कधी आली नव्हती. ते काम आक्का फुकटात करत होती. टॉवेलवालीने पोटातल्या कळांची गोष्टही सांगितली, शब्दाला शब्द. आक्का खाली मान घालून बसून होती. आता बसून राहिली होती, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

माझी पाळी आली तेव्हा मी घसा खरवडून सांगितलं, की खालच्या मजल्यावर बायकांसाठी एक स्टूल नाही, वर पुरुषांसाठी आहे, हा सरळ सरळ दुजाभाव आहे. वकिलाने विचारलं, "मास्तर, तुम्ही दिवसभर काय करता?"

"शिवतो."

"उभ्याने?"

"बसून."

"मग उभं राहण्याचं दुखणं तुम्हाला काय ठाऊक?" अधिकारी बाईसुद्धा हसली. माझ्या मनात आलं की कात्री घेऊन त्याचा कोट वीतभर आखूड करावा.

तरी निकाल आमच्या बाजूने लागला. कायदाच तसा होता. अर्जदाराला ताबडतोब बसायची सोय द्यावी. पण त्या अधिकारी बाईला आक्काची खरीच दया आली होती. ही मावशी संकोची आहे, दिलेली खुर्चीसुद्धा घेत नाही, उद्या दुकानात हिला कोण बसू देईल, असं तिला वाटलं. म्हणून तिने वरून एक वाक्य घातलं. अर्जदार प्रत्यक्षात बसतात की नाही, याची जबाबदारी मालकाची राहील. वकिलाने ते वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि "अगदी योग्य मॅडम" म्हणाला. आक्का बाहेर येऊन मला म्हणाली, "जिंकलो की, मास्तर!" मीही मान डोलावली. मला तरी तेव्हा कुठे कळलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची आली. स्टूल नव्हे, चांगली गादीची, हातांची खुर्ची. धाकट्या मालकांनी स्वतः उचलून आणली आणि काचेच्या दाराला लागून ठेवली. पडद्यांच्या काउंटरपासून दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"इथे?" आक्का म्हणाली. "काउंटरमागे ठेवा ना."

"काउंटरमागे जागा कुठे आहे? आणि तिथे तुम्ही उठत राहाल. माझ्यावर जबाबदारी आहे, आक्का. बसा."

ती बसली. त्याने तिचा फोटो काढला, दुकानाच्या पेजवर टाकला, आमचा कर्मचारी आमचं कुटुंब असं काहीतरी लिहून. खाली लोकांनी लिहिलं, असे मालक सगळ्यांना मिळोत. पडद्यांच्या काउंटरवर त्याच दिवशी टॉवेलवालीला उभं केलं.

पहिल्याच दुपारी एक जुनं गिऱ्हाईक आलं. आक्काने तिच्या दोन्ही मुलींच्या घरांचे पडदे केले होते. आक्का सवयीने उठली. गल्ल्याजवळून धाकट्या मालकांचा आवाज आला, गोड, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "आक्का, बसा! कायदा आहे." मुली खिदळल्या. आक्का बसली. ती बाई गोंधळून विचारायला लागली, काय झालं, बरं नाही का? तोवर टॉवेलवाली पुढे आली आणि तिला हाताला धरून घेऊन गेली. "हा शेवटचा तागा, ताई," असं ती म्हणताना मी जिन्याखालून ऐकलं. आक्कानेही ऐकलं असणार.

मग ते रोजचंच झालं. आक्का अर्धी उठली की कुणीही म्हणायचं, "आक्का, बसा!" आधी मालक, मग कॅशियर, मग वरच्या मजल्यावरचे पुरुष जिन्यावरून जाताजाता. मुलींना तर पर्वणीच. त्यांना स्वतःला स्टुलं मिळाली नव्हती, एकही नाही. तपासणीच्या दिवशी गोडाऊनमधून घडीची स्टुलं बाहेर आली, संध्याकाळी परत आत गेली. तपासायला आलेल्या माणसाने आक्काला विचारलं, "बसायला मिळतं ना?" आक्का म्हणाली, "मिळतं." त्याने सही केली. मुली दिवसभर उभ्या, आणि सगळा राग त्या एका गादीच्या खुर्चीवर. मालकांना एक शब्दही बोलावा लागला नाही.

गिऱ्हाइकांना ती कोण ते कळेना. दाराशी बसलेली म्हातारी, कुणाची तरी आई असेल, वाट बघत असेल. कुणी तिच्याजवळ पिशव्या ठेवून जायचं, "जरा लक्ष ठेवा हं आजी." कुणी रडकं मूल मांडीवर द्यायचं. एका बाईने ओली छत्री तिच्या पायाशी टेकवली, आणि थेंब थेंब पाणी आक्काच्या मोज्यात मुरत राहिलं. आक्का छत्रीकडे बघत बसली. तिने ती सरकवलीसुद्धा नाही. पट्टी आपटणारी बाई ही! मला तिची चीड आली. वाटलं, उठ की बाई, भिरकाव ती छत्री.

आणि जखम भरायला लागली. डॉक्टर खूश. कातडी धरली, मोजा कोरडा राहायला लागला. मी तिला म्हटलं, "आक्का, पाय तरी वाचला." ती म्हणाली, "कुणासाठी?" सुई कापडात टोचायची ती चुकून बोटात टोचली गेली.

शेवटी ती परत कचेरीत गेली. लेकीला सुट्टी मिळेना, म्हणून बरोबर मीच. तीच अधिकारी बाई, तोच वकील. आक्काने सांगितलं, मला काउंटरवर जाऊ देत नाहीत, उठू देत नाहीत, विकू देत नाहीत.

अधिकारी बाईने कपाळाला हात लावला. "मावशी, मागे तुम्ही बसू देत नाहीत म्हणून आला होतात. आता उठू देत नाहीत म्हणून आलात?"

"दोन्ही खरं आहे," आक्का म्हणाली.

"पगार कापला?"

"नाही."

"कामावरून काढलं?"

"नाही."

"खुर्ची आहे?"

"आहे." मग जरा थांबून, "चांगली आहे."

"मग तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"माझा काउंटर."

अधिकारी बाईने कायद्याचं पुस्तक पुढे ओढलं, खरंच पानं उलटली, मनापासून शोधलं. मग म्हणाली, "कुणाला कुठे उभं करायचं, ते मालक ठरवतात हो. यात कुठलं कलम लावू मी?" वकिलाला तोंड उघडावं लागलं नाही. धाकटे मालक उठून आक्काला दार उघडून देत म्हणाले, "सावकाश या, आक्का. पायरी आहे."

त्या संध्याकाळी तिने राजीनामा दिला. धाकट्या मालकांनी फार वाईट वाटल्यासारखं केलं आणि लगेच घेतला. मुलींनी निरोप दिला नाही. टॉवेलवाली तागा गुंडाळत होती, तिने मान वर केली नाही. नवऱ्याने घरी काय म्हटलं असेल ते मी सांगायला नको.

पुढे काही दिवस आक्काने बाजार पालथा घातला. वय ऐकलं की लोक नंतर कळवतो म्हणायचे, आणि कळवत नसत. मग एके दिवशी बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात मी दोऱ्याची रिळं घ्यायला गेलो, तर समोर आक्का. पडद्यांच्या काउंटरवर, उभी, एका तरुण जोडप्याला पकडून. नवरा कंटाळलेला, बायको आक्काच्या हातातल्या कापडाला हात लावून बघत होती. आक्का बोलत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मी दारातच थांबलो. जोडपं दोन खोल्यांचे पडदे घेऊन गेलं.

"मास्तर!" ती म्हणाली. "बघा, हा काउंटर आपल्या तिथल्यापेक्षा लांबलचक आहे."

"मिळाला कसा?"

"त्यांनी विचारलं, खुर्ची आहे आमच्याकडे कायद्याप्रमाणे, पण हे उभ्याचं काम आहे, जमेल का? मी म्हटलं, मला खुर्ची नको. लिहून देते म्हटलं. दिलं लिहून."

मी खाली बघितलं. डाव्या घोट्यावर जाड पट्टी होती, आणि पट्टीच्या कडेला पिवळा ओलावा. फरशीवर ती उभी होती तिथे एक बोटभर डाग होता.

"उघडली परत?"

"कधीचीच," ती म्हणाली आणि कापडाची घडी घालायला लागली.

"अहो, मग डॉक्टरकडे जा ना!"

"जाऊन काय करू, मास्तर? तो बसा म्हणणार."